नाव घेऊन सांग

सहावीच्या मुलांच्या हातात पडलेला खाऊ मी परत डब्यात टाकायला लावला. जिने तो पहाटे उठून केला होता तिच्या अंगणात, तिच्या डोळ्यांदेखत, आणि तिच्या मुलीच्याही. कारण म्हणून शाळेचा नियम सांगितला. तसा नियम शाळेत नव्हता. हे आधी कबूल केल्याशिवाय साळवे बाईंविषयी लिहायला मला तोंड नाही. बाईंची सहावी त्या दिवशी मोडली, आणि ती मी मोडली.

आमची शाळा अंबरनाथ पश्चिमेला, उल्हासनगरची हद्द जिथे सुरू होते तिथे. मराठी माध्यमाची, अनुदानित. मुलं अंबरनाथची, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातली, काही बदलापुराहूनही येणारी. मी गणित शिकवायचो आणि पाचवी ते सातवीचा पर्यवेक्षक होतो. सुमन साळवे माझ्याहून वयाने मोठ्या. त्या विज्ञान शिकवत आणि वर्षानुवर्षं सहावीच्या वर्गशिक्षिका होत्या. दुसरा वर्ग देऊ केला तर नको म्हणत.

बाई ठेंगण्या, बांधा दणकट. नेसणं साधं सुती, पायात मात्र मुलांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा बघणारा हसायचाच. "साडीवर बूट?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "साडी शाळेसाठी, बूट मुलांसाठी. मुलं पळतात, साडी नाही पळत." आवाज घोगरा. मुलांना मारल्याचं मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचं "ये माझ्या राजा, इकडे ये" ऐकलं की राजा आपणहून सगळं कबूल करायचा.

त्यांचं एक पालुपद होतं, "नाव घेऊन सांग." उत्तर अर्धवट, गोलमाल आलं की हे ठरलेलं. मुलाने सांगितलं, झाडावर पक्षी बसलाय, की बाई म्हणायच्या, "कुठल्या झाडावर? कुठला पक्षी? नाव घेऊन सांग." माहीत नसेल तर "माहीत नाही" हेही तोंडाने म्हणावं लागे. जूनमध्ये वर्ग नवा असताना त्या प्रत्येकाला विचारत, आई काय करते, बाबा काय करतात. निम्मा वर्ग एकच उत्तर द्यायचा, "कंपनीत आहेत."

"कंपनीत काय करतात?"

"काम."

"अरे, काम तर मुंगीपण करते. नाव घेऊन सांग."

"हेल्पर आहेत."

"कुणाला हेल्प करतात? कशात?"

पोरगं शेजाऱ्याकडे बघायचं. मग बाई म्हणायच्या, "बरं. आज घरी जाऊन विचार. नाही तर एप्रिलमध्ये आपण सगळेच जाऊन विचारू."

ही पोकळ धमकी नव्हती. वार्षिक परीक्षा संपली की निकालापर्यंत शाळेला अवकळा येते. शिक्षक पेपरांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून बसतात, मुलं आली काय नि न आली काय, सारखंच. आली तर मैदानात हुंदडतात, फळ्यावर फुल्ली-गोळा खेळतात. त्या दिवसांत फक्त सहावीचा वर्ग पुरा भरलेला असायचा. कारण बाईंची सहावी बाहेर पडायची. किल्ला बघायला नाही, वॉटर पार्कला तर नाहीच. एकेका मुलाच्या आईबापाच्या कामावर जायची.

त्याची एक रीत होती. ज्याच्या घरच्यांचं काम बघायचं, तो मुलगा किंवा ती मुलगी त्या दिवशीचे सर किंवा बाई. रांगेच्या पुढे तो. त्याला "सर" म्हणायचं. पाणी प्यायला थांबायचं का, हेही तोच ठरवणार. आणि साळवे बाई रांगेच्या शेवटी, काखेत छत्री, खांद्याला पाण्याची बाटली. काही विचारायचं असेल तर बाईंनी हात वर करायचा आणि त्या पोराने "हं, साळवे, बोल" म्हणेपर्यंत थांबायचं. पोरं हे "साळवे, बोल" म्हणण्यासाठी वर्षभर वाट बघायची. आणि शेवटची रीत खाण्याची. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे, त्यांच्या ऐपतीने जे काही हातावर पडेल ते सगळ्यांनी तिथेच बसून खायचं. गुळाचा खडा असो की भेळ. बाई म्हणत, "काम डोळ्याने बघितलं, आता माणूस तोंडाने बघा."

शिक्षकांच्या खोलीत याची टवाळी चाले. "निघाली साळवे बाईंची वरात," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे पेपरातून डोकं वर न काढता हसायचे. मीही हसायचो. पण वर्गाबरोबर दुसरा एक शिक्षक लागतो म्हणून बहुतेक वेळा मीच जायचो, आणि खरं सांगायचं तर मला आवडायचं. पेपर तपासण्यापेक्षा बरं.

उल्हासनगरातल्या जीन्सच्या कारखान्यातली गोष्ट सांगतो. वर्गातल्या एका मुलीची आई तिथे धागे कापायची. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते दोरे छोट्या कात्रीने कापत दिवसभर बसायचं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, मशिनींचा खडखडाट आणि निळ्या कापडाचे ढीग. दारातच सिंधी शेठ आडवा आला.

"मॅडम, बच्चों का यहाँ क्या काम? जीन्स देखनी है तो दुकान पे जाओ, डिस्काउंट दूँगा."

बाईंनी हात वर केला. शेठला कळेना, ही बाई हात का वर करते आहे. ती धागेवालीची मुलगी पुढे उभी होती. घाबरली होती, पण म्हणाली, "हं, साळवे, बोल."

"शेठजी, तुमची आई काय काम करायची?"

शेठ थबकला. मग एकदम मराठीत आला. "पापड लाटायची. आम्ही आलो तेव्हा काय होतं इथे? बरॅक होती, बरॅक. आई पापड लाटायची, आम्ही भाऊ डोक्यावर घेऊन विकायचो."

"मग ही मुलं तेच बघायला आलीत. आई काय करते ते."

शेठने सगळ्यांना आत घेतलं. पोरांनी धागेवालीभोवती कोंडाळं केलं, एकेकाने कात्री मागून घेतली, एकाने धाग्याऐवजी खिसाच कापला. शेठने कपाळावर हात मारला आणि निघताना सगळ्यांना पापड आणि थंड पाणी दिलं. त्यांच्यात दारी आलेल्याला आधी तेच देतात. मी दोन पापड खाल्ले. हे मुद्दाम सांगतो.

दुसरी गोष्ट खरवईची. तन्मय नावाचा एक बडबड्या मुलगा होता. त्याचे वडील म्हणे बदलापुरात मोठ्या कॉम्प्लेक्सचे ऑफिसर. एका पालकाच्या टेम्पोतून आम्ही गेलो. खरवईला नव्या इमारती उठल्या आहेत, त्यातल्या एकीच्या फाटकावर तन्मयचे वडील वॉचमनच्या गणवेशात उभे होते. बाईंना बघून त्यांनी खाडकन सलाम ठोकला. आणि त्या दिवशीचे "सर" रांगेतून गायब! टेम्पोच्या मागे जाऊन बसला होता, मान गुडघ्यांत घालून. मला वाटलं बाई त्याला ओढून आणतील. त्या त्याच्या शेजारी मातीत बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. नंतर बाई तिथूनच ओरडल्या, "काका, सर म्हणतायत, शिट्टी कशी वाजवायची ते आधी दाखवा."

पुढचा तासभर त्या फाटकावर जो गोंधळ झाला तो मी विसरणार नाही. प्रत्येकाने शिट्टी वाजवली. प्रत्येकाने फाटक उघडलं आणि बंद केलं. एका कारवाल्याची तर आठ-दहा पोरांनी चौकशी केली, "कुणाकडे जायचंय? काम काय?" शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर खाली धावत आले. तोवर तन्मय बापाची टोपी घालून खुर्चीवर बसला होता. तो सेक्रेटरींना म्हणाला, "थांबा. नाव सांगा आधी."

परतताना मी बाईंना विचारलं, "सहावीच का? सातवीलाही न्या की."

"नाही जमत, सर," त्या म्हणाल्या. "पाचवीत पोर लहान असतं, त्याला कळत नाही. सातवीत फार कळतं. बाप रस्त्यात दिसला तर बाजू बदलतं. सहावीच एक अशी आहे, लाज दारात आलेली असते पण आत नसते आलेली. तेव्हा हात धरला तर धरला."

मी मान हलवली. बरं वाटलं ऐकायला. मला असल्या गोष्टी ऐकायला नेहमी बरं वाटतं.

बाई बौद्ध. त्यांचे आजोबा छप्पन साली बौद्ध झालेले. मी ज्या घरात वाढलो त्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर कुणाला थांबवायचं आणि कुणाला पाणी कुठल्या भांड्यात द्यायचं हे न बोलता ठरलेलं असे. मी ते मागे टाकलं असं मला वाटायचं. पुरावा म्हणून माझ्याकडे बाईंचा डबा होता. सुकटाची चटणी आणि भाकरी. मधल्या सुट्टीत बाई डबा फिरवायच्या आणि मी सगळ्यांदेखत हात घालून खायचो. थोडं जास्तच सगळ्यांदेखत. बाईंना ते दिसत असणार.

आता पूनमची गोष्ट.

पूनम तन्मयच्याच वर्गात, सहावीत होती तेव्हा तिचे वडील किशन टाकी उपसायच्या गाडीवर होते. संडासच्या टाक्या भरल्या की जी पिवळी टँकरगाडी येते, जाड पाइप टाकून मैला ओढून नेते, ती. गाडी ठेकेदाराची. कुटुंब दोन पिढ्यांमागे हरयाणातून आलेलं, पाच नंबरच्या एका वस्तीत राहायचं. जूनमध्ये बाईंनी विचारलं तेव्हा पूनमने सांगितलं, "पप्पा टाकी साफ करतात." वर्गात कुणीतरी नाक दाबलं. बाई म्हणाल्या, "बघा, हिने पहिल्या झटक्यात नाव घेतलं. तुमच्यात आहे कुणात एवढा दम?"

एप्रिलमध्ये पूनमचा दिवस आला. आदल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, मी "जाऊ या की" म्हणालो. सकाळी निघायच्या आधी मला फोन आला. पालक समितीतले एक गृहस्थ, राणे, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अधिकारी. "सर, ऐकलं ते खरं का? ठीक आहे, नेताय तर न्या. पण तिथलं काही खायला देऊ नका हां. हायजीन आहे की नाही?" मी म्हणालो, "बघतो."

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो की त्या फोनमुळे झालं. तसं नाही. आदल्या रात्रीच मला वाटून गेलं होतं, तिथे खावं लागेल. राण्यांचा फोन ही मला आयती मिळालेली सबब.

आम्ही चालत गेलो. वाटेत मुलांना भूक लागली, नाक्यावर वडापाव घेतले. मीही खाल्ला. पूनम सगळ्यांच्या पुढे, केसांना नवी लाल रिबीन. वस्तीत शिरलो तर किशनने गाडी धुऊन लखलखीत केली होती आणि दसऱ्याला घालतात तशी झेंडूची माळ समोर बांधली होती. स्वतः इस्त्रीच्या शर्टात. त्याने पाइप दाखवला, पंप चालू करून बादलीतलं पाणी ओढून दाखवलं, मुलं ओरडली. मग कुणीतरी विचारलं, "काका, आत कोणी पडलं तर?"

किशनने पंप बंद केला. "आत उतरायचंच नाही, बेटा. पाइपनेच करायचं. ठेकेदार बोलला तरी नाही. माझा भाऊ उतरला होता."

बाईंनी हात वर केला. पूनमने मानेनेच परवानगी दिली.

"तो गॅस दिसतो का हो?"

"नहीं दिखता, मॅडम. वही तो बात है."

बाई मुलांना म्हणाल्या, "मी वर्षभर तुम्हाला वायू शिकवले. हा धडा राहिला होता माझ्याकडून."

मग पूनमची आई, बिमलाताई, घरातून मोठा स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यावर धुतलेला पांढरा पंचा. आत गुलगुले होते, कणकेचे, गुळाचे, तुपात तळलेले, अजून कोमट. पूनम स्वतः वाटायला लागली. पहिल्या काही मुलांच्या हातात पडले आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा. कुणी खायचं नाही. परत ठेवा."

मुलं माझ्याकडे बघायला लागली.

"शाळेचा नियम आहे. बाहेरचं खायचं नाही."

वाक्य इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. तन्मयचा गाल फुगलेला होता. "सर, माझा खाऊन झाला," तो म्हणाला. बाकीच्यांनी एकेक करून गुलगुला परत डब्यात टाकला. पूनम डबा धरून उभी. मुलं टाकत होती तसतसा तिचा हात खाली जात होता.

साळवे बाई पुढे आल्या. "नियम मुलांना आहे ना, सर? मी मोठी आहे." त्यांनी एक गुलगुला उचलला, तिथेच उभ्या राहून खाल्ला. मग दुसरा. चावताना माझ्यावरून नजर काढली नाही.

बिमलाताईंनी डबा माझ्यापुढे धरला. "सरजी, आप तो लो. आप भी तो बडे हो."

मी म्हणालो, "माझा उपवास आहे."

रांगेतून एक बारीक आवाज आला, "सर, मघाशी वडापाव..."

"चूप," बाई म्हणाल्या. त्यांनी त्या मुलाला गप्प केलं. मला वाचवण्यासाठी नाही. बिमलाताईंना ते ऐकू जाऊ नये म्हणून. पण गेलं होतं. त्यांनी पंचा डब्यावर नीट पसरला, चारही बाजूंनी दाबला आणि आत गेल्या. किशन गाडीवरची माळ सारखी करत बसला.

चार दिवसांनी पालकांची सभा झाली. राणे उठले. "बाई, आज टाकी दाखवलीत, उद्या स्मशानात न्याल."

"न्यायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "पण यंदा त्या कामावर कुणाचे वडील नाहीत."

कुणी हसलं नाही. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "तुम्ही बरोबर होतात ना? तुम्हाला हे माहीत होतं?"

मी म्हणालो, "मी होतो म्हणून खाणं तरी थांबवलं."

"शाब्बास," राणे म्हणाले. "एक तरी जबाबदार माणूस आहे शाळेत." आणि माझ्या पाठीवर थाप पडली. ती थाप मी घेतली. बाईंनी मला आदल्या दिवशी विचारलं होतं, मी हो म्हणालो होतो, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी वाट बघितली असं मला वाटतं. थोडीच. मग पाण्याची बाटली खांद्याला अडकवून उठल्या.

पुढच्या जूनमध्ये सहावी दुसऱ्याकडे गेली. बाईंना पाचवी मिळाली. एप्रिलमधल्या फेऱ्या बंद. परीक्षेनंतर सहावीही मैदानात हुंदडायला लागली.

बाई माझ्याशी भांडल्या नाहीत. मधल्या सुट्टीत डबा तसाच फिरायचा. सगळ्यांपुढे धरून झाला की त्या माझ्यापाशी येऊन थांबायच्या आणि झाकण लावत म्हणायच्या, "सर, तुम्हाला नको. बाहेरचं आहे." चिडून नाही, अगदी काळजीने म्हणावं तसं. निवृत्त होईपर्यंत त्यात एक दिवस खंड पडला नाही. नव्या शिक्षकांना वाटायचं, मला पथ्य आहे.

पूनम सातवीत माझ्या वर्गात आली. जूनमध्ये मी सवयीने विचारत गेलो, वडील काय करतात. पूनम उभी राहिली. लाल रिबीन नव्हती.

"कंपनीत आहेत," ती म्हणाली.

पुढचा प्रश्न मला माहीत होता. मी म्हणालो, "बस." त्या वर्षाच्या शेवटी तिने दाखला काढून नेला.

या गोष्टीला वर्षं झाली. मी आता मुख्याध्यापक आहे. राण्यांनी जोखलेला जबाबदार माणूस वर चढणारच. आणि आता वरूनच सांगणं आलं आहे की सहावीपासून पुढे वर्षातले काही दिवस मुलांनी दप्तर आणायचं नाही, त्यांना स्थानिक व्यवसाय दाखवायला न्यायचं. सहावीची नवी शिक्षिका माझ्याकडे आली. पोरगी उत्साही आहे.

"सर, कुंभार नि लोहार कुठून आणू मी अंबरनाथमध्ये? आपल्या शाळेत पूर्वी असं काही व्हायचं म्हणे. कोण करायचं?"

"साळवे बाई," मी म्हणालो.

"मग बंद का झालं?"

मी तिला म्हणालो, "काही अडचणी आल्या." अडचणी! तिच्या जागी बाई असत्या तर?

त्या रविवारी मी कुळगावला गेलो. बाई तिथे लेकाकडे राहतात. दुसऱ्या मजल्यावर, पण बाल्कनीत बूट वाळत घातलेले होते, पांढरे, कॅनव्हासचे. त्यावरून घर ओळखलं. बाई वाळल्या होत्या, केस पुरे पांढरे. आवाज तोच.

मी नवं फर्मान सांगितलं. त्या खूप हसल्या, खोकला येईपर्यंत. "आता आदेश आला म्हणता? बरं झालं. आदेश आला की तुम्हाला सोपं जातं."

"बाई, मी माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"त्या दिवशी जे झालं त्याची."

"काय झालं त्या दिवशी?" माझ्याकडे बघत त्या थांबल्या. मला माहीत होतं काय येणार. "नाव घेऊन सांगा, सर."

मी म्हणालो, "मी चुकलो. मी घाबरलो. मी सभेत खोटं..."

"ते सभेतलं माझं. ते मी कधीच सोडून दिलं," बाई म्हणाल्या. "माझ्या घरचं काय परत टाकलंत तुम्ही? माझ्याकडे कशाला आलात?" आणि उठून बूट घालायला लागल्या. "चला. घर मला माहीत आहे. दर दिवाळीला जाते मी."

रिक्षात त्या बाहेर बघत म्हणाल्या, "माझा बाप इथल्या आगपेटीच्या कारखान्यात झाडू मारायचा. मी सातवीत असताना एकदा डबा विसरले, तो द्यायला वर्गाच्या दारात आला. गुरुजींनी विचारलं, कोण गं? मी म्हणाले, शेजारचे आहेत." रिक्षा खड्ड्यात आदळली, त्यांनी दांडा धरला. "बाप हसून निघून गेला. मी पुढे शिकले, नोकरीला लागले, म्हटलं एक दिवस सांगू. तोवर तो राहिला नाही. तुम्हाला ज्यांना सांगायचंय ती माणसं आहेत अजून. नशीबवान आहात."

पाच नंबरला वस्तीच्या तोंडाशी उसाच्या रसाचं दुकान आहे. बाईंनी तिथे रिक्षा थांबवली आणि बाकावर बसल्या.

"तुम्ही नाही येत?"

"मी आले तर माझ्या तोंडाकडे बघून ते हो-हो म्हणतील. तुम्हाला माफी फुकटात मिळेल. सरळ जा, नळाच्या डावीकडे निळं दार." मी निघालो तशी हाक आली. "सर, जेवून आलात का?"

"नाही."

मी खरोखरच सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बाईंनी ओळखलं. रिक्षात मी मनात ठरवलं होतं, बिमलाताई जे देतील ते खाईन, भरपूर खाईन. बाईंनी नुसतं डोकं हलवलं, लहान मुलाचं गणित चुकल्यावर हलवतात तसं. नळापाशी मी वळून बघितलं. बाई बाकावर ताठ बसल्या होत्या, छत्री मांडीवर, नजर माझ्यावर. त्यांनी एक हात वर केला. जा म्हणून की प्रश्न विचारायचा म्हणून, ते मला ठरवता आलं नाही.

निळं दार उघडं होतं. बिमलाताई शेंगा निवडत होत्या. पूनम आतून आली. उंच झाली आहे, चष्मा लागला आहे, नर्सिंगला आहे असं बाईंनी सांगितलं होतं. दोघींनी मला लगेच ओळखलं. खुर्ची होती, मी बसलो नाही. ओट्यावर काहीतरी झाकून ठेवलेलं होतं, फोडणीचा वास येत होता. मी उभा राहिलो. पाण्याचा तांब्या हाताशी होता. पाणी कुणी विचारलं नाही.

शेवटी बिमलाताईंचा हात सवयीने तांब्याकडे गेला. पूनम म्हणाली, "रहने दो, मम्मी. सर बाहेरचं घेत नाहीत."

हात मागे आला.

मी येताना पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एक उरलं नव्हतं. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी शाळेचा असा काही नियम नव्हता. माझा उपवास नव्हता. तुमच्या हातचं मला खायचं नव्हतं. मी विटाळ पाळला."

बिमलाताईंना तो शब्द कळला नाही. त्यांनी पूनमकडे बघितलं. पूनमला कळला होता, पण ती आईला सांगेना. माझ्याकडे बघत राहिली. ते काम माझं होतं.

"छुआछूत, ताई," मी म्हणालो. "मैंने छुआछूत की थी. बच्ची के सामने की थी. मुझे माफ कर दो."